जीव कुठे शोधायचा

अंड्यात जीव असतो का, हा प्रश्न माझ्या वाट्याला नोकरीबरोबरच आला. मी पशुवैद्य. शिरवळच्या महाविद्यालयात शिकले आणि त्यानंतरची सगळी वर्षं कोंबड्यांत गेली. आधी अंड्यांचे फार्म, मग ब्रीडर फार्म, आता हॅचरी. माहेर लोणंद आणि फलटणच्या मधलं, माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची माळ. त्यामुळे लग्नाची पंगत असो की सप्ताहाचा मांडव, कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच, "डॉक्टरीणबाई, खरं काय ते सांगा. माळकऱ्याला अंडं चालतंय का नाही?" विचारणाऱ्याला माझ्याकडून निकाल हवा असतो. मी शास्त्र शिकलेली आणि माळकऱ्याच्या घरातली, म्हणजे माझा शब्द दोन्हीकडे चालेल असं त्याला वाटतं.

राज्य सरकारने 2023 च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, तेव्हा हा प्रश्न गावोगाव तापला. 2025 च्या जानेवारीत सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला, पण वाद काही थांबला नाही. आमच्या गावच्या सप्ताहाला आलेल्या कीर्तनकार महाराजांनीही मला तेच विचारलं. वयाने मोठे, ग्रंथ वाचलेले, आवाजात भांडण नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही अंडं आतून पाहिलंय. मला लोकांपुढे उभं राहायचंय. जीव असतो का नसतो?" काल्याच्या गडबडीत त्यांच्याशी जेवढं बोलणं झालं ते पुरेसं नव्हतं. ते इथे नीट मांडते.

आमच्या धंद्यात याचं एक तयार उत्तर आहे. बाजारात मिळणारं अंडं अफलित असतं. ते घालणाऱ्या कोंबडीच्या शेडमध्ये कोंबडा नसतोच. त्या अंड्याला कितीही ऊब दिली तरी त्यातून पिल्लू निघणार नाही, म्हणून ते निर्जीव. हे उत्तर नवं नाही आणि हलक्या माणसाचंही नाही. 1942 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी अफलित अंड्याचा विचार केला आहे. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू होत नाही, तेव्हा ज्याला दूध चालतं त्याने अशा अंड्याला हरकत घ्यायचं कारण नाही, असं त्यांचं मत. पुढे या मताचा आधार अनेकांनी घेतला.

मला हे उत्तर अपुरं वाटतं. का, ते सांगायला कोंबडीच्या पोटात शिरावं लागेल.

कोंबडीचा डावाच बीजांडकोश काम करतो. उजवा, ती अजून अंड्यात असतानाच खुंटतो. अंड्यावर असलेल्या कोंबडीचं शवविच्छेदन केलं की पाठीच्या कण्याला लागून द्राक्षाच्या घडासारखा पिवळ्या बलकांचा गुच्छ दिसतो. सगळ्यात मोठा बलक उद्या सुटणारा, त्याहून लहान परवाचा, त्याहून लहान तेरवाचा. मोठा बलक सुटून बीजवाहिनीच्या तोंडाशी येतो आणि तिथे जेमतेम पंधरा-वीस मिनिटं असतो. कोंबड्याचं शुक्रबीज त्याला भेटायचं तर याच वेळात. पुढे तीन तास पांढरा बलक चढतो, तासा-सव्वा तासात दोन पातळ पडदे बनतात, आणि मग वीसेक तास कवचाचं काम चालतं. सगळं मिळून चोवीस ते सव्वीस तास. कवचातल्या दोनेक ग्रॅम कॅल्शियमपैकी बराच भाग तिच्या हाडांतून येतो, कारण कवच रात्री बनतं आणि रात्री तिच्या पोटात दाणा नसतो. अंडं पडलं की अर्ध्या तासात पुढचा बलक सुटायला तयार.

यात कोंबड्याची गरज कुठेच लागली नाही. हे सगळं उजेडावर चालतं. दिवस चौदा-सोळा तासांचा झाला की उजेड डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूपर्यंत पोचतो, मेंदू संप्रेरकं सोडतो आणि बीजांडकोश कामाला लागतो. म्हणून शेडमध्ये आम्ही पहाटे आणि संध्याकाळी दिवे लावतो. कोंबडा भेटो न भेटो, कोंबडीचं शरीर प्रत्येक अंड्यात एका पिल्लाची एकवीस दिवसांची पूर्ण तयारी भरून ठेवतं.

त्या अंड्यात पिल्लू नाही हे खरं. पण निर्जीव म्हणायला माझी जीभ अडखळते. बलकावरचा पांढरा ठिपका जिवंत पेशीचा आहे. अरिस्टॉटलने या प्रश्नावर बारकाईने विचार केला होता. नराशिवाय घातलेल्या अंड्यांबद्दल तो म्हणतो की ती लाकूड-दगडासारखी नव्हेत, कारण ती सडतात, आणि ज्यात कुठल्या ना कुठल्या प्रकारे जीवन होतं तेच अशा रीतीने बिघडतं. त्याच्या हिशोबात अफलित अंड्यालाही वनस्पतीच्या पातळीचा, वाढीपोषणापुरता आत्मा बीजरूपाने असतो. तेवीसशे वर्षांपूर्वीचा हा माणूस, कोंबडीचं अंडं रोज एक फोडून आत काय बदलतं ते पाहायचा. तीन दिवस, तीन रात्री झाल्यावर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका हलताना दिसतो, ते हृदय, असं त्याने लिहून ठेवलं. हॅचरीत आलेल्या नव्या मुलांना मी तिसऱ्या दिवसाचं अंडं उघडून दाखवते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते त्यानेही अनुभवलं असेल.

अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात 1950 च्या दशकात मार्लो ओल्सेन यांना टर्कीच्या अफलित अंड्यांत आपोआप भ्रूण वाढताना आढळले. बहुतेक लवकर मेले, पण काही पिल्लं चक्क बाहेर आली. बाप नसलेली, आणि सगळी नर. पक्ष्यांत पिल्लाचं लिंग आईच्या बीजावर ठरतं, आणि बीजाने स्वतःचीच दुप्पट केली तर जगू शकणारं पिल्लू नरच निघतं. आपल्या साध्या कोंबडीच्या अंड्यातून असं पिल्लू निघेल अशी अपेक्षा धरू नये. पण 'कोंबडा नाही म्हणजे जीव नाही' ही रेघ निसर्गाने आपल्याइतकी ठळक ओढलेली नाही, एवढं त्यातून कळतं.

फलित अंड्याकडे आलं तर ही रेघ आणखी पुसट होते. कोंबडीच्या पोटातल्या त्या चोवीस तासांत गर्भ वाढतच असतो. अंडं बाहेर पडतं तेव्हा ठिपक्यात चाळीस ते साठ हजार पेशी झालेल्या असतात. मग आम्ही ते अंडं कूलरूममध्ये सोळा-अठरा अंशांवर ठेवतो आणि वाढ थांबते.

महाराजांना याचंच सगळ्यात नवल वाटलं. "म्हणजे जीव झोपतो?"

"पेशी जिवंत असतात, महाराज, पण वाढ होत नाही. आठवडाभर असं ठेवता येतं. त्यापुढे रोज थोडे थोडे गर्भ मरायला लागतात."

"आणि मग?"

"मग सेटरमध्ये साडेसदतीस अंशांची ऊब द्यायची. दुसऱ्या दिवशी हृदय सुरू होतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मग जीव आला कधी? कोंबडा भेटला तेव्हा, का यंत्रात ठेवलं तेव्हा?"

माझ्या आजीचंही उत्तर त्यांना सांगितलं. आजी माळकरी. अंडं तोंडाला लावायची नाही, पण कोंबडी खुडूक झाली की रवण मात्र तीच बसवायची. डालग्याखाली कोंबडी, तिच्याखाली अंडी. विसाव्या दिवशी ती अंडी कोमट पाण्यात सोडायची. जे अंडं पाण्यावर हलायचं ते जिवंत, जे नुसतं तरंगायचं ते गेलेलं. तिच्या लेखी जीव म्हणजे हालचाल. हॅचरीतल्या भाषेत त्या दिवशी पिल्लाची चोच अंड्यातल्या हवेच्या कप्प्यात शिरलेली असते, ते पहिला श्वास घेतं आणि कवचाआडून चिवचिवतंही. आजीची कसोटी अडाणी नव्हती. पण ती विसाव्या दिवसापुरती होती, आधीच्या एकोणीस दिवसांबद्दल ती काही सांगत नाही.

आपल्या परंपरेत अंडज हा जिवांचा स्वतंत्र वर्ग आहे. छांदोग्य उपनिषदात जिवांच्या उत्पत्तीचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि ऐतरेयात चार, अंडज दोन्हीकडे आहे. पण अंडज म्हणजे अंड्यातून जन्मलेला. अंड्यात असलेल्याचं काय, हे तिथे सोडवलेलं नाही. सोडवावं असं त्या ऋषींना वाटलंही नसावं, कारण त्यांच्या अंगणात अंडं आणि कोंबडा वेगळे काढणारं कुणी नव्हतं. हा प्रश्न आपल्या काळात, आपल्या शेडमुळे उभा राहिला.

इथपर्यंत आलं की माणूस दोनपैकी एका वाटेने जातो. एक म्हणतो, शंका आहे ना, मग नकोच. दुसरा म्हणतो, अफलित आहे ना, मग खुशाल. दोघांबद्दल मला आदर आहे, पण दोघेही अंड्याच्या आत बघत बसले आहेत. माझं म्हणणं असं की हिंसा अंड्यात शोधण्यात आपली जागा चुकते. ती अंड्याच्या आधी होऊन गेलेली असते, कोंबडीच्या आयुष्यात आणि तिच्या आईबापांच्या आयुष्यात.

ब्रीडर फार्मवर मी अनेक वर्षं काम केलं. चिकनच्या दुकानात जी कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होऊन येते, तिचे आईबाप तिथे असतात. वेगाने वाढण्याचा गुण तिच्यात आला तो त्यांच्याकडून, म्हणजे त्यांनाही तशीच भूक लागते. पण त्यांना साठ आठवड्यांच्या पुढे जगवायचं असतं आणि त्यांच्याकडून अंडी घ्यायची असतात. पोटभर खाऊ दिलं तर त्यांचं वजन बेसुमार वाढतं. कोंबडीच्या बीजांडकोशात एकाऐवजी दोन-तीन बलक एकदम पिकतात, दुहेरी बलकाची, मऊ कवचाची अंडी पडतात, काही बलक पोटातच सुटून सडतात आणि कोंबड्या मरतात. कोंबडे इतके जड होतात की जोडीच लागत नाही. म्हणून वाढीच्या काळात त्यांना मोकळं सोडलं तर जेवढं खातील त्याच्या साधारण तिसरा हिस्सा दाणा द्यायचा, काही आठवड्यांत त्याहूनही कमी. कुठे रोज थोडा, कुठे एक दिवसाआड. दाणा पडला की काही मिनिटांत खलास. मग त्या रिकाम्या भांड्यावर चोची मारत राहतात, पाणी पिऊन पोट भरायला बघतात, म्हणून पाण्याचीही वेळ ठरवून द्यावी लागते. खाद्याची गाडी लांबून वाजली की अख्ख्या शेडचा जो कालवा उठतो तो ऐकलेला माणूस 'अंड्यात जीव आहे का' असं विचारत बसत नाही. समोर हजारोंनी जीव असतात आणि ते भुकेले असतात.

यात कुणाची दुष्टाई नाही. मी स्वतः ते खाद्याचे तक्ते अमलात आणले. कारण पोटभर खायला देणं म्हणजे मारणं, हे मी शवविच्छेदनाच्या टेबलावर पाहिलं होतं. उपाशी ठेवलं तर जगते, खायला दिलं तर मरते, अशी कोंबडी माणसाने घडवली, आणि घडवताना फक्त तिच्या पिल्लाच्या छातीचं मांस मोजलं. मला यातली खरी हिंसा या निवडीत दिसते. माझ्या घरात एकादशी कडक पाळतात. उपास माणूस स्वतः धरतो, म्हणून त्याला पुण्य म्हणतात. या कोंबडीला तो धरवलेला आहे, जन्मापासून.

जोडीचंही तसंच. पिंजऱ्यातल्या ब्रीडरमध्ये आपल्याकडे सर्रास कृत्रिम रेतन करतात. 1930 च्या दशकात बरोज आणि क्विन यांनी बेल्ट्सव्हिललाच बसवलेली पद्धत आजही तीच आहे. कोंबड्याच्या पाठीवरून आणि पोटाखालून हात फिरवून वीर्य घ्यायचं, आणि अर्ध्या तासाच्या आत कोंबड्यांना द्यायचं. काम दुपारनंतर करायचं, कारण सकाळी कोंबडीच्या पोटात कडक कवचाचं अंडं वाटेत असतं. आठवड्यातून एकदा पुरतं. तिच्या बीजवाहिनीत बारीक नळ्या असतात, त्यांत शुक्रबीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं आणि रोज थोडं थोडं वर जातं. ही रचना मला अजूनही थक्क करते. आणि मोकळी कोंबडी याबाबतीत मुकाट नसते. टॉमासो पिझारी आणि टिम बर्कहेड यांनी 2000 साली दाखवून दिलं की रानात मोकळ्या वाढलेल्या कोंबड्या, दुय्यम कोंबड्याने जबरदस्ती केली तर त्याचं वीर्य बाहेर टाकतात. म्हणजे तिला निवड आहे, नको म्हणण्याची सोय आहे. पिंजऱ्यात ती निवड उरत नाही. हिंसेच्या कुठल्या रकान्यात हे लिहायचं ते मला सांगता येत नाही, पण हिशोबाबाहेर ठेवायला मन घेत नाही.

आता पुन्हा त्या निर्जीव म्हटलेल्या अंड्याकडे येऊ. ते घालणारी पांढरी कोंबडी स्वतः फलित अंड्यातून आलेली असते. हॅचरीत तिच्या जोडीने तितकेच नर निघतात, कारण निम्मे नर, निम्म्या माद्या हा नियम आहे. अंड्याच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसाला परवडत नाही. पहिल्याच दिवशी पंखांची पिसं पाहून किंवा गुदद्वार तपासून तो वेगळा काढला जातो. त्यातले काही रंगवून आठवडी बाजारात, जत्रेत पोरांना विकले जातात, हिरवी, गुलाबी, जांभळी पिल्लं, ती आठवडाही काढत नाहीत. बाकीची मारली जातात. खाण्यातल्या प्रत्येक अफलित अंड्यामागे एक कोंबडी आहे आणि तिच्यामागे पहिल्या आठवड्यातच संपलेला एक भाऊ आहे. अंडं आतून कितीही स्वच्छ निघालं तरी हा हिशोब पुसला जात नाही.

आणि ती स्वतः? रानकोंबडी वर्षाला डझन-दीड डझन अंडी घालते आणि मग खुडूक होते. प्रोलॅक्टिन वाढतं, बीजांडकोश आक्रसतो, ती अंड्यांवर बसते. आजच्या लेयर कोंबडीच्या रक्तातून हे खुडूकपण निवडून निवडून काढलं, म्हणून ती वर्षाला तीनशेवर अंडी घालते. रोज हाडातलं कॅल्शियम कवचात ओतते. पुढे हाडं ठिसूळ होतात, छातीचं हाड मोडतं. तिला मिळणारी जागा ए-फोर कागदाहून लहान. धुळीत लोळणं, आडोशाला जाऊन अंडं घालणं, यांतलं काहीच तिला करता येत नाही, पण तशी ओढ मात्र तिच्यात तशीच आहे. अंडं पडायच्या आधी तास-दीड तास ती पिंजऱ्यात अस्वस्थ येरझाऱ्या घालते ते त्यामुळेच.

हे ऐकल्यावर महाराज म्हणाले, "मग माळकऱ्याचंच बरोबर म्हणायचं. सोडून द्यावं."

मी म्हटलं, "महाराज, सोडणाऱ्याला माझा नमस्कार आहे. पण मग पेढ्याचंही बघावं लागेल." गोठ्यातल्या पारडूचं काय होतं हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, "बोला."

मग मी त्यांना गांधीजींचीच दुसरी गोष्ट सांगितली. त्यांनी 1912 साली दूध सोडलं. कारणं एकाहून जास्त होती, ब्रह्मचर्याचा विचारही त्यात होता. पण कलकत्त्यात गाई-म्हशींचा गवळ्यांकडून होणारा छळ वाचून त्यांचं मन उडालं, हे त्यांनी आत्मकथेत स्पष्ट लिहिलं आहे. पुढे आजारपणात कस्तुरबांनी सुचवल्यावरून ते शेळीचं दूध घ्यायला लागले आणि त्याची बोच त्यांनी मनात ठेवली. दुधात जीव आहे का, हा प्रश्न त्यांनी तिथे विचारलाच नाही. दूध देणारीचं काय होतं, एवढंच पाहिलं. अंड्याबद्दल लिहिताना मात्र ते अंड्याच्या आत काय आहे ते बघतात. 1942 साली पिंजऱ्यांचे मोठे फार्म आपल्याकडे नव्हते, तेव्हा त्यांना दोष देता येणार नाही. पण त्यांच्या दोन निवाड्यांपैकी मला दुधाचा निवाडा खोल वाटतो. अंड्यालाही तोच लावायला हवा.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउली अहिंसेवर बोलायला लागतात तेव्हा आधी यज्ञातल्या हिंसेचा समाचार घेतात, मग एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारणाऱ्या औषधोपचाराचाही. नंतर अहिंसक माणूस कसा असतो ते सांगतात. तो चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, हात कसे वापरतो. समोरच्या वस्तूत जीव किती, कोणत्या प्रतीचा, याची यादी ते देत नाहीत. लक्ष सगळं वागणाऱ्याच्या पावलांवर आणि हातांवर आहे. लहानपणापासून हा भाग मी पारायणात ऐकत आले, पण शेडमध्ये उभं राहून आठवला तेव्हाच तो मला समजला.

याला मोठा आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. आमच्याच तालुक्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं शाळेत असतात. त्यांच्या डब्यात डाळ पातळ असते. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम उत्तम प्रथिनं असतात आणि तेवढ्या पैशात दुसरं काही मिळत नाही. अंड्याच्या पावित्र्याची चर्चा पोटभर जेवलेल्यांनी करायची आणि भोगायचं उपाशी पोराने, हे मला धर्मात बसत नाही. त्या पोराला अंडं मिळालं पाहिजे, हे मी महाराजांनाही स्पष्ट सांगितलं. पोराची भूक आणि कोंबडीची भूक यांतलं एक निवडायचं असेल तर मी पोराची निवडेन. पण त्या दोन्ही भुका एकमेकींविरुद्ध आपण उभ्या केल्या आहेत त्या स्वस्ताईसाठी. अंड्यामागे थोडे पैसे वाढले तर कोंबडीला जागा मिळू शकते. ते पैसे पोराच्या ताटातून काढायची गरज नाही. ज्यांना परवडतं त्यांनी आणि सरकारने ते द्यायचे आहेत.

जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून पहिल्या दिवसाची नर पिल्लं मारायला कायद्याने बंदी घातली. तिथे आता अंड्यातच लिंग तपासतात. एक पद्धत अशी की नवव्या दिवशी कवचाला बारीक छिद्र पाडून थेंबभर द्रव काढायचा, संप्रेरक बघायचं, आणि नर असेल तर अंडं पुढे उबवायचं नाही. मग लगेच प्रश्न आला, कितव्या दिवसापर्यंत? कारण नवव्या दिवशी हृदय आहे, पाय आहेत, डोळे आहेत. संशोधकांनी भ्रूणाच्या मेंदूतल्या विजेच्या हालचाली मोजल्या. तेराव्या दिवसाच्या आधी वेदना जाणवण्याची खूण सापडली नाही, म्हणून कायद्याने बाराव्या दिवसानंतर अंडं नष्ट करायला मनाई केली. जीव कधी आला या वादात तो कायदा पडला नाही. दुःख कधी सुरू होतं ते शोधलं आणि तिथे थांबला. ती रेघ अंतिम आहे असं मी म्हणत नाही, उद्या नवं मोजमाप आलं तर ती मागे सरकेल आणि सरकावी. पण शोधायची दिशा मला योग्य वाटते, आणि ती कुठल्याही वारकऱ्याला परकी वाटू नये.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. जे अंडं खात नाहीत त्यांनी 'आमच्या ताटात जीव नाही' एवढ्यावर न थांबता कोंबडीच्या पिंजऱ्याबद्दल आणि गोठ्यातल्या पारडूबद्दलही बोलावं, कारण कीर्तनात लोक त्यांचं ऐकतात. आणि जे खातात त्यांनी 'अफलित आहे' या शब्दावर मन मोकळं करू नये. फार्मवर जाऊन विचारावं, कोंबडीला जागा किती, तिचे भाऊ पहिल्या दिवशी कुठे गेले, चिकनच्या कोंबडीच्या आईबापांना दाणा किती. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे प्रश्न गिऱ्हाइकाकडून आजवर आलेले नाहीत. ते आले तर उत्तरं बदलतील. लिंग तपासणीची यंत्रं महाग आहेत, पण ती बसवता येतात. हळू वाढणाऱ्या, पोटभर खाऊन जगणाऱ्या जातीही उपलब्ध आहेत. त्यांना मागणी नाही, एवढंच कारण आहे.